दुसरीतली मुलगी रोज शाळेच्या वेळी ‘पोट दुखतं’ म्हणते, रविवारी मात्र ठणठणीत. नाटक समजायचं का? (आम्ही सिडको, नाशिक)

नाही, नाटक समजू नका. या वयात मनावरचा ताण बऱ्याचदा पोटदुखीनेच बाहेर पडतो आणि दुखतं ते खरंच दुखतं. मी पंचवटीत पहिली-दुसरीला शिकवते, असं एखादं मूल दरवर्षी वर्गात असतंच. ‘आज काय शिकवलं?’ऐवजी ‘डबा कोणाबरोबर खाल्लास?’ असं विचारा. उत्तर टाळलं, तर अभ्यास सोडून व्हॅनमधली चिडवाचिडवी, मैत्रिणीशी कट्टी याकडे बघा. शाळेच्या घाणेरड्या संडासाची भीती तर पालकांच्या डोक्यातच येत नाही! मुलं दिवसभर दाबून धरतात, मग बद्धकोष्ठ होतं. गृहपाठाचा धाक असेल तर बाईंशी बोला. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात (दप्तराचं ओझं कमी करण्यासाठीच्या) दुसरीपर्यंत गृहपाठच नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असं राज्याने 2024 मध्ये सांगितलंय. तरी डिसेंबरच्या थंडीत तुमची व्हॅन सव्वासहाला येत असेल, तर झोपेचाही हिशेब करा. फक्त एक: दुखण्याने रात्री जाग येत असेल, वजन घटत असेल, ताप किंवा उलट्या असतील, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.