टॅबचे थांबे नेमके कुठे हवेत?

प्रश्न : कोबॉल या भाषेतला जुना प्रोग्रॅम व्हिम या एडिटरमध्ये दुरुस्त करतो आहे. टॅब चारचा ठेवला आहे. ओळी स्क्रीनवर ६०-६५ कॉलममध्येच संपतात, तरी ग्नूकोबॉल हा कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारा) लांब ओळींवर चुका दाखवतो. टॅब आठचा करू का?

उत्तर : आठचा केल्याने चूक डोळ्यांना दिसेल, पण जाणार नाही. फाइलमध्ये खरे टॅब आहेत. तुमचा एडिटर ते ४ कॉलमचे दाखवतो आणि ग्नूकोबॉल ८चे धरतो. चार टॅबनंतर ४५ अक्षरं लिहिली, तर तुमच्या स्क्रीनवर ओळ ६१व्या कॉलमला संपते. कंपायलरच्या लेखी ती ७७पर्यंत जाते आणि शेवटची ५ अक्षरं गळतात, कारण ठरावीक मांडणीच्या कोबॉलमध्ये ७२नंतरचं तो वाचतच नाही.

ही मांडणी ८० कॉलमच्या पंचकार्डावरून आली. १ ते ६ ओळक्रमांकासाठी. ७वा खुणेचा : तिथे तारा असला की ती ओळ शेरा, आडवी रेघ असली की मागच्या ओळीचा उरलेला भाग. ८ ते ११ हा ‘एरिया ए’, त्यात डिव्हिजन, सेक्शन व पॅराग्राफची नावं आणि ०१, ७७ या डेटाच्या पातळ्या सुरू होतात. बाकीची वाक्यं १२ ते ७२ या ‘एरिया बी’त. तेव्हा थांबे हवेत ८, १२, १६, २० असे. चारचा टॅब ५, ९, १३वर थांबतो, आठचा ९, १७वर. सारख्या अंतराने हे साधतच नाही.

व्हिम ८.२ किंवा पुढचं असेल तर ‘व्हारसॉफ्टटॅबस्टॉप’ या सेटिंगला ७,४ द्या : पहिला थांबा ७ अक्षरांनंतर, पुढचे दर ४ अक्षरांनी. सोबत ‘एक्स्पांडटॅब’ चालू करा, म्हणजे टॅब दाबला तरी फाइलमध्ये स्पेसच जातील. ‘शिफ्टविड्थ’ (ओळ आत सरकवण्याचं अंतर) ४ आणि ‘कलरकॉलम’ (रंगीत रेघ दाखवायचे कॉलम) ७,८,१२,७३ ठेवा. हे सगळं व्हिमच्या ‘आफ्टर’ फोल्डरातल्या कोबॉलच्या एफटीप्लगइन फाइलमध्ये (त्या भाषेपुरत्या सेटिंगच्या फाइलमध्ये) लिहा. मूळ एफटीप्लगइन आधी चालतं, त्यामुळे तुमच्या किमती टिकतात.

जुने टॅब काढताना क्रम चुकवू नका. फाइल ज्या रुंदीवर लिहिली तीच, म्हणजे तुमच्या बाबतीत ४, ‘टॅबस्टॉप’ला द्या आणि मगच टॅबच्या जागी स्पेस घालणारी ‘रीटॅब’ ही आज्ञा चालवा. अवतरणातल्या मजकुरातले टॅबही त्यात बदलतात, ते हाताने तपासा.

चूक दाखवली गेली, तर निदान कळतं तरी. नेमका पूर्णविराम ७३व्या कॉलमला पडला की तो गळतो, प्रोग्रॅम बहुधा कंपाइलही होतो आणि ‘इफ’ हे अटीचं वाक्य पुढच्या पूर्णविरामापर्यंत लांबतं. म्हणून प्रत्येक ‘इफ’ला ‘एंड-इफ’ लावाच.

प्रश्न : फोरट्रान ७७ या भाषेच्या फाइलसाठी ७,४ हीच किंमत चालेल का?

उत्तर : नाही, तिथे ६,३ द्या. १ ते ५ कॉलम लेबलचे, ६वा जोडओळीचा, वाक्य ७ ते ७२. सहाऐवजी पाचच स्पेस दिल्या तर वाक्याचं पहिलं अक्षर ६व्या कॉलमला येतं. कंपायलर त्याला जोडखूण समजतो आणि उरलेली ओळ मागच्या वाक्याला चिकटवतो. ७२पुढे गेलेलं नाव अर्धवट कापलं गेलं तर त्याच तुकड्याचा नवा व्हेरिएबल तयार होतो आणि उत्तर गुपचूप चुकतं. ‘इम्प्लिसिट नन’ (आधी न सांगितलेला व्हेरिएबल चालू न देणारी ओळ) लिहा आणि जीफोरट्रान या कंपायलरला सर्व इशारे चालू करून द्या.

प्रश्न : कोबॉलमध्ये मराठी शीर्षक छापायचं आहे. ओळ ७२च्या आत आहे, तरी कापली जाते.

उत्तर : यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रासुद्धा. ‘एकूण’ स्क्रीनवर ३ कॉलम दिसतं. ग्नूकोबॉल मात्र बाइट मोजतो आणि त्याला ते १२ भरतं. कलरकॉलमची रेघ इथे उपयोगी नाही. व्हिमच्या खालच्या पट्टीत कर्सरची जागा दाखवणारा ‘रूलर’ चालू ठेवा : कॉलमच्या दोन आकड्यांपैकी पहिला बाइटचा असतो, तो ७२च्या आत हवा. शीर्षक लांब असेल तर त्याचे दोन तुकडे करून ‘स्ट्रिंग’ या आज्ञेने जोडा आणि पिक्चरमधली (डेटाची लांबी सांगणाऱ्या कलमातली) लांबीही बाइट मोजूनच द्या.