फाइल एकालाच वाचू द्यायची असेल तर

प्रश्न: आमच्या उबुंटू सर्व्हरवर लॉगिनच्या नोंदी /व्हार/लॉग/ऑथ.लॉग या फाइलमध्ये जातात. ऑडिटसाठी आलेल्या एकाच माणसाला ती वाचायची आहे. सीएचमॉड (परवानगी बदलायची कमांड) ६४४ करू का?

उत्तर: नको. मग सर्व्हरवर खातं असलेला कुणीही ती वाचेल. फाइलचा मालक सिसलॉग, गट एडीएम, परवानगी ६४० (मालकाला वाचन-लेखन, गटाला फक्त वाचन, इतरांना काहीच नाही). त्या माणसाला एडीएम गटात घालणं सोपं आहे, पण त्या गटाला इतरही बरेच लॉग वाचता येतात. एकट्यापुरतं द्यायचं तर एसीएल, म्हणजे फाइलवर एखाद्या खात्याला नावानिशी दिलेली जादा परवानगी. रूट (सर्वाधिकारी खातं) म्हणून 'सेटएफएसीएल -एम यू:ऑडिट:आर' आणि पुढे फाइलचा पत्ता (इथे ऑडिट हे खात्याचं नाव). नंतर 'गेटएफएसीएल'ने नोंद बघा आणि त्याच खात्यातून फाइल उघडून पाहा. वाटेतल्या एखाद्या डिरेक्टरीवर एक्स (आत जाण्याची) परवानगी नसेल, तर एसीएल असूनही फाइल उघडत नाही. /व्हार/लॉगला ती सगळ्यांना असते. स्वतः बनवलेल्या डिरेक्टरीत मात्र लोक हमखास इथेच अडकतात.

लॉगरोटेटकडेही (ठरावीक काळाने लॉगची फाइल बदलणारा प्रोग्राम) लक्ष ठेवा. एसीएल फाइलची असते, फाइलच्या नावाची नव्हे. लॉगरोटेटने जुनी फाइल बाजूला सारून नवी आणली की तिच्यावर एसीएल असेलच असं धरू नका; लॉगरोटेटच्या सेटिंगमधल्या पोस्टरोटेट भागात (फाइल बदलल्यावर चालणाऱ्या कमांड) तीच कमांड लिहा. ऑडिट संपल्यावर 'सेटएफएसीएल -एक्स यू:ऑडिट' चालवा आणि पोस्टरोटेटमधली ओळही काढा. ही ओळ बहुतेक जण विसरतात.

प्रश्न: एसीएल नीट चालत होती. कुणीतरी त्या फाइलवर सीएचमॉड ६०० केलं आणि आता 'परमिशन डिनाइड' येतं. गेटएफएसीएलमध्ये नाव तर दिसतंय!

उत्तर: नावासमोर 'इफेक्टिव्ह' काय लिहिलंय ते वाचा. एसीएल असलेल्या फाइलवर सीएचमॉडचा मधला आकडा मास्कला (एसीएलमधल्या परवानग्यांची कमाल मर्यादा) लागतो, आणि नावानिशी दिलेली परवानगी मास्कच्या पुढे जात नाही. तुमचा मास्क शून्य झालाय. 'सेटएफएसीएल -एम एम::आर' करा.

हेच उलटही घडतं. ६०० असलेल्या फाइलवर वाचनाची एसीएल दिली की 'एलएस -एल'मध्ये ती ६४० आणि शेवटी अधिक चिन्ह अशी दिसते. म्हणून एसएसएचच्या खासगी किल्लीवर हा प्रयोग नको. गटाला वाचन दिसलं की एसएसएच ती किल्ली नाकारतं.

प्रश्न: सुडोअर्समध्ये (कुणाला कोणती कमांड रूट म्हणून चालवता येईल ती यादी) 'कॅट /व्हार/लॉग/*' लिहून दिलं तर?

उत्तर: तो तारा काढा. सुडोअर्समधला तारा आर्ग्युमेंटमधली मोकळी जागाही गिळतो. लॉगच्या नावापुढे जागा सोडून /ईटीसी/शॅडो (सर्व्हरच्या खात्यांचे पासवर्ड हॅश असलेली फाइल) लिहिलं तरी नियम जुळतो आणि कॅट दोन्ही फाइली दाखवतं. फाइलचा पूर्ण पत्ता लिहा, तोही व्हीआयसुडोतून (सुडोअर्स बदलायची कमांड). कॅटऐवजी लेस (फाइल पानापानाने दाखवणारी कमांड) तर देऊच नका. त्यातून उद्गारचिन्ह टाकून थेट रूट शेल उघडता येतं.

प्रश्न: आमच्या वेब ॲपला पासवर्ड तपासण्यासाठी /ईटीसी/शॅडो वाचायला देऊ का?

उत्तर: अजिबात नाही. ॲपमध्ये भोक पडलं की सगळे हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) बाहेर, आणि ते दुसऱ्या मशीनवर निवांत फोडता येतात. ॲपची खाती वेगळी ठेवा. सर्व्हरचीच खाती हवी असतील तर तपासणी सासलऑथडीसारख्या वेगळ्या सेवेवर सोपवा. ती ॲपला फक्त हो किंवा नाही कळवते.