सगळं ग्रुपवर येतं, मग वर्गात ऐकायचं कशाला?

"मॅडम, फोन काढूनच घेऊ का हिचा?" ऐरोलीहून आलेल्या एका आईने खुर्चीत टेकता टेकताच विचारलं. शाळकरी मुलांचे पालक हल्ली सगळ्यात जास्त हेच विचारतात. म्हणून या मायलेकींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलीला सायली म्हणू.

सायली नववीत, सेमी इंग्रजीत. वडील रबाळ्याच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जातात, आई घरी ब्लाउज शिवते. पोरगी आळशी नाही. रोज संध्याकाळी यूट्यूबवर गणिताचे व्हिडिओ लावते, वहीत सगळं नीट उतरवून घेते. तरी चाचणीत बीजगणितात २० पैकी ६. आईचा निष्कर्ष ठरलेला होता, ही अभ्यासाच्या नावाखाली भलतंच बघत असणार. सायलीने न मागता फोन माझ्यापुढे सरकवला. हिस्टरीत बहुतेक धडेच होते. मध्येमध्ये रील्स होत्या, पण त्या कोणाच्या फोनवर नसतात? आईच्याही होत्या.

मी फोन पालथा ठेवायला सांगितला आणि गणित घातलं. दोन वह्या आणि तीन पेनं मिळून ९० रुपये, एक वही आणि एक पेन मिळून ४० रुपये. तर वही केवढ्याला? याच प्रकारच्या गणिताचा व्हिडिओ तिने आदल्याच रात्री पाहिला होता, 'समजलाय' असंही ती म्हणाली होती. तिने दोन्ही समीकरणं बरोबर मांडली आणि थबकली. "पुढची ओळ सरांनी लिहिली ना, की मला लगेच कळतं," ती म्हणाली. शेजारी बसलेली आई पुटपुटली, "नुसतं बघून गळा कापता आला असता तर सगळ्या बायका शिंपिणी झाल्या असत्या." मला जे सांगायला दहा मिनिटं लागली असती, ते बाईंनी एका वाक्यात उरकलं.

यावर अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने चार सत्रं उतारा वाचला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचला आणि मग तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे आपल्या लक्षात जास्त राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. चांगला व्हिडिओ नेमकी हीच खात्री देतो. तो जितका सोपा करून सांगतो, तितकं आपल्याला येतंय असं वाटत राहतं.

पण मला जास्त खटकलं ते वर्गातलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पालकांच्या फोनवर वर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप निघाले. शाळा पुन्हा भरल्या, ग्रुप राहिले. सायलीच्या वर्गाच्या ग्रुपवर रोज फळ्याचा फोटो पडतो, कोणीतरी सोडवलेला गृहपाठही टाकतं. "मग सर शिकवतात तेव्हा तू काय करतेस?" मी विचारलं. "बसते." तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. सगळं संध्याकाळी हातात येणारच असेल तर तेव्हा कान टवकारून बसायचं कशाला, एवढाच तिचा हिशेब.

मैत्रिणींचा आणखी एक छोटा ग्रुप होता. त्यावर ही चक्क प्रश्न विचारते. वर्गात विचारलं की मागची मुलं हसतात, इथे कोणी हसत नाही. बुजऱ्या मुलीला तोंड उघडायला मिळालेली ही एकच जागा. फोन काढून घेतला असता तर आधी हीच गेली असती. म्हणून आईला मी स्पष्ट सांगितलं, फोन राहू द्या, क्रम बदलू.

आधी वहीत गणित सोडवायला बसायचं, अडलं की त्या ओळीवर खूण करायची आणि मगच व्हिडिओ, तोही तेवढ्याच भागाचा. मैत्रिणींच्या ग्रुपवर उत्तराचा फोटो मागायचा नाही; कुठे अडलं ते आवाजी मेसेजमध्ये बोलून सांगायचं. यात गोम अशी की नीट सांगायचं तर आधी आपल्यालाच कळावं लागतं, आणि निम्म्या वेळा सांगता सांगताच गाठ सुटते. तिच्या परवानगीने गणिताच्या सरांशी फोनवर बोलले. फळ्याचा फोटो तासानंतर न टाकता दुसऱ्या दिवशी टाकायला ते तयार झाले. शिवाय तासाआधी टेबलावर चिठ्ठ्या ठेवायच्या, ज्याला जे अडलंय ते नाव न घालता लिहायचं, ही कल्पना त्यांचीच. आईकडे एकच काम दिलं. रात्री भाजी निवडताना लेकीकडून एक गणित तोंडी समजावून घ्यायचं, वही मिटून.

पहिले काही दिवस सायली वैतागली, कारण व्हिडिओ बघण्यात जो आराम असतो तो गेला. आई मधेच फोन करून म्हणाल्या, "आता तर आधीपेक्षा कमी येतंय हिला!" कमी येत नव्हतं, कमी येतं हे दिसायला लागलं होतं. त्या पायरीवर बरेच पालक धीर सोडतात आणि फोन कपाटात जातो. या बाई टिकल्या.

पुढच्या चाचणीत बीजगणितात १२ मिळाले. सरांच्या टेबलावर आता इतक्या चिठ्ठ्या पडतात की तासाची पहिली दहा मिनिटं त्यातच जातात, आणि पोर्शन मागे पडतोय म्हणून काही पालकांनी ग्रुपवर कुरकुर सुरू केली आहे. सायलीचा इतिहास मात्र आहे तिथेच आहे. त्याच्या तयार उत्तरांची पीडीएफ ग्रुपवर अजून फिरते आहे, आणि पुढच्या भेटीला ती तीच घेऊन येणार आहे.