खांदा जिथे दुखतो, तिथे हळद

प्रश्न : ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. आमचे सहा एकर कोरडवाहू वावर आहे. यंदा सोयाबीन ऐन सोंगणीला आले आणि पाऊस लागला. शेंगांना झाडावरच कोंब फुटले, जे हाती आले ते डागी निघाले आणि त्याच्या चुकाऱ्यातून बियाण्या-खताची उधारीसुद्धा पूर्ण फिटली नाही. यजमान जेवतात आणि अंगणात गप्प बसून राहतात. सासूबाई मात्र दिवाळीआधीच्या अष्टमीची आठवी कशी मांडायची, लक्ष्मीपूजनाला काय करायचे, हेच रोज विचारतात. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो फोनवर सांगतो की, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा तीन गोष्टी रोज झोपण्यापूर्वी वहीत लिही, म्हणजे मन शांत होईल. मी वही उघडून बसते आणि काही सुचत नाही, सुचले तरी ते खोटे वाटते. देवापुढे हात जोडले तरी मनात उधारीचाच हिशेब चालू असतो. माझी श्रद्धा संपली आहे का? आणि मनातून वाटत नसताना सण करणे म्हणजे देवाशी खोटे वागणे नाही का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, तुमचे पत्र वाचताना मला माझ्या माहेरची, वर्धा जिल्ह्यातली, पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ आठवली, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. शिंगे रंगवणे, झूल पांघरणे, तोरणाखाली बैल उभे करणे हे सारे दुसऱ्या दिवशीचे. आदल्या संध्याकाळी गोठ्यात एवढेच होते की, घरधनी हळद आणि तूप घेऊन बैलाजवळ जातो, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्याच्या खांद्याला ते पळसाच्या पानाने लावतो, खांदा शेकतो आणि त्याच्या कानाशी म्हणतो, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ तुमच्याही घरी हे होत असेल किंवा गोठ्यात बैल असेपर्यंत होत असेल, त्यामुळे मी काही नवे सांगत नाही. मला फक्त दोन गोष्टींकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, पोळा श्रावण अमावास्येला येतो. त्या वेळी कपाशी पात्या-फुलांवर असते, सोयाबीन वावरात उभे असते आणि वर्ष कसे जाणार हे गावात कोणालाही ठाऊक नसते. म्हणजे पीक चांगले आले म्हणून बैलाला जेवायला बोलावले, असे आपल्याकडे कधी नव्हतेच; आवतण पिकाच्या आधी दिले जाते. दुसरी गोष्ट त्या हळदीची. ती बैलाच्या कपाळाला लावून माणूस मोकळा होत नाही. जिथे जुवाने खांदा सोलला आहे तिथे ती लावतात आणि ती लावण्यासाठी आधी त्या खांद्याकडे नीट पाहावे लागते. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या भागात कृतज्ञतेचा अर्थ हाच आहे. आपल्यासाठी भार कोणी वाहिला, त्याला कुठे दुखले आणि तिथे आपला हात पोहोचला का, एवढे तीत पाहिले जाते. तिच्यासाठी मन आधी प्रसन्न असावे लागत नाही.

सीतादहीचेही तसेच आहे. कपाशीच्या पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच पहिल्या बोंडाला हात लावतात. तेव्हाही किती क्विंटल निघणार आणि भाव काय मिळणार, हे कोणी जाणत नाही. मी दहा-अकरा वर्षांची असताना आमच्या कपाशीवर लाल्या आला होता, पाने तांबडी होऊन गळू लागली होती आणि दोन वेचण्यांच्या वर काही निघणार नाही हे सर्वांना दिसत होते. तरीही आई दहीभाताचा डबा घेऊन वावरात गेली. ‘यंदा कशाला?’ असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘पऱ्हाटीनं काय चोरून ठेवलं का? तिच्यानं जेवढं झालं तेवढं देल्लं तिनं.’ आई आनंदात नव्हती. त्याच आठवड्यात तिच्या कानातले गहाण पडले होते आणि धुऱ्यावर बसून ती रडली, हेही मी पाहिले आहे. पण ते रडणे आणि तो दहीभात या दोन्हींमध्ये तिला काही विसंगती वाटली नाही, आणि आज मलाही वाटत नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. मनातून वाटत नसताना सण करणे हा खोटेपणा नाही. आपल्या बहुतेक सणांत कामाला हात आधी लागतात. मन मागून येते आणि एखाद्या वर्षी येतही नाही. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो तेव्हा केरसुणीबद्दल मन भरून आलेच पाहिजे, अशी अट कोणी घातलेली नाही. खोटेपणा तेव्हा होईल, जेव्हा सर्व ठीक आहे असे दाखवण्यासाठी आणखी उधारी करून फराळाचे डबे भरले जातील. ते करू नका आणि त्याबद्दल सासूबाईंना स्पष्टपणे, पण प्रेमाने सांगा. आठवीला मात्र नाही म्हणू नका. ज्वारीचे चार धांडे आणि आंबील यांना खर्च तो कितीसा. आता ज्वारी पेरणारे इतके कमी झाले आहेत की, धांडे कोणाच्या तरी वावरातून मागून आणावे लागतात, ही खंत मला दरवर्षी वाटते. पण त्या मागण्याच्या निमित्ताने तुम्ही कोणाच्या तरी दारात जाल आणि दोन घटका बोलाल, हेही सध्या तुमच्यासाठी चांगलेच आहे.

वहीबद्दल मुलावर रागावू नका. लांब राहून आईसाठी जे सुचले ते त्याने सांगितले. फक्त वहीतला प्रश्न बदलून पाहा. ‘मला आज काय चांगले मिळाले?’ याचे उत्तर अशा वर्षी मिळत नाही, म्हणून तुम्हाला खोटे लिहिल्यासारखे वाटते. त्याऐवजी ‘माझ्यासाठी आज कोणाचा खांदा दुखला?’ असे विचारा. ज्या बायांनी चिखलात वाकून तुमचे सोयाबीन सोंगले, त्यांची कंबर दुखलीच आहे, पीक डागी निघाले म्हणून त्यांचे कष्ट डागी होत नाहीत. रोही (नीलगायी) आणि डुकरे पिकात शिरू नयेत म्हणून यजमानांनी किती रात्री जागल केली असेल, ते तुम्हीच सांगू शकाल. आणि पहाटे उठून सर्वांचा डबा करून पुन्हा वावरात जाणारी एक बाई त्या घरात आहे, तिचे नाव वहीत लिहायला तुम्ही विसराल असे मला वाटते, म्हणून आठवण देते. लिहून झाल्यावर जमेल तेवढी हळद लावा. सोंगणीची मजुरी कोणाची राहिली असेल तर दिवाळीचे तेल आणण्याआधी ती द्या. पूर्ण जमत नसेल तर थोडी द्या आणि उरलेली कधी देणार ते घरी जाऊन सांगा.

श्रद्धा संपली का, असे तुम्ही विचारले. हात जोडल्यावर मनात हिशेब येतो, तो घरातल्या माणसांच्या पोटाचाच हिशेब आहे. तो देवापुढे मांडायचा नाही तर कुठे मांडायचा? मोठ्याने मांडा, आकड्यांसकट मांडा. ज्याच्यावरचा विश्वास खरोखर संपला आहे, त्याच्यापुढे माणूस आपला हिशेब उघडत नाही.

तुमच्या पत्रातील एका वाक्याने मात्र मला झोप लागू दिली नाही. यजमान जेवून गप्प बसतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना कृतज्ञतेबद्दल काही सांगू नका, ‘दुसऱ्यांचे आपल्यापेक्षा वाईट झाले’ असेही म्हणू नका. त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि मनात काय चालले आहे ते सरळ विचारा. त्यांच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची छटा आली, तर त्यांना एकटे सोडू नका, मुलाला बोलावून घ्या आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करा. ही शासनाची विनामूल्य सेवा आहे, ती दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. फोन तुम्हीही करू शकता.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. माझा देवावर विश्वास नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या दिवसांत आमच्या गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते आणि आजोबांची इच्छा असते की मी तिथे बसावे. विश्वास नसताना बसणे योग्य आहे का?
– एक विद्यार्थी, तिवसा तालुका

उत्तर : तुमचे गाव मोझरीच्या जवळपासचे आहे, तेव्हा तिथल्या गुरुकुंजातील, म्हणजे महाराजांच्या आश्रमातील, मौन श्रद्धांजली तुम्ही पाहिली असेल. महाराजांचे देहावसान ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले आणि पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांच्या निर्वाणाच्या वेळी, तिथे जमलेला प्रचंड समुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. त्या शांततेत कोण कशावर विश्वास ठेवतो, हे कोणी कोणाला विचारत नाही. त्याआधी बारा वर्षे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि आजही खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून दीक्षाभूमीवर जाणारी माणसे कोणाकडे वरदान मागायला जात नाहीत. देव न मानताही मान कृतज्ञतेने लवू शकते, याचा एवढा मोठा दाखला तुमच्या घराजवळ असताना तुम्ही संकोच बाळगू नये.

जे शब्द पटत नाहीत ते म्हणू नका. आजोबांनाही तसे आदराने सांगून ठेवा. तरीही हात रिकामे वाटले तर तुमच्याच जिल्ह्यात, शेंडगावात, १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचा क्रम आठवा. ते एखाद्या गावात गेले की दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. तुम्ही प्रार्थनेच्या अर्धा तास आधी जा, ओटा झाडून घ्या, सतरंजी अंथरा, आणि आजोबांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर भिंतीच्या कडेला त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवा.