वाचक विचारतात : कोर्दोबा पायी फिरताना

प्र. माद्रिदहून सेव्हिलला जाताना एक दिवस कोर्दोबाला उतरणार आहोत. तिथे 'फ्री वॉकिंग टूर' असते म्हणे. ती खरंच फुकट असते का, आणि तीत प्रसिद्ध मेस्कीता (जुनी मशीद, आताचं कॅथेड्रल) आतून दाखवतात का? – नाशिक

उ. दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच धरून चला. फ्री टूरमध्ये आधी पैसे घेत नाहीत, पण शेवटी गाइडच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं. माणशी साधारण 10 युरो दिले तर कोणी नाक मुरडत नाही. या टूर बहुधा तेन्दियास चौकातून निघतात आणि रोमन मंदिराचे खांब, कोर्रेदेरा चौक, नदीवरचा पूल, जुनी ज्यू वस्ती असं फिरवतात. मेस्कीता मात्र बाहेरूनच. आतली टूर वेगळी घ्यावी लागते. बुकिंग करताना 'एंत्रादा इन्क्लुईदा', म्हणजे तिकीट धरून, असं लिहिलंय का ते बघा. नाहीतर दारात पुन्हा पैसे मोजावे लागतात. टूर दोन भाषांत असेल तर सरळ सोडून द्या. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकण्यात निम्मा वेळ जातो.

सोमवारी जाऊ नका. मेस्कीता उघडी असते, पण 1315 सालचं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, अल्काझार हा किल्लेवजा राजवाडा आणि वियाना राजवाडा बंद असतात. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून वेगवान गाडीने पावणेदोन तास लागतात. बॅगा स्कॅन होतात आणि फलाट गाडी सुटायच्या आधीच बंद करतात, त्यामुळे धावत येऊन गाडी पकडता येत नाही.

प्र. मेस्कीतात सकाळी फुकट प्रवेश असतो असं ऐकलं. मग गाइड कशाला हवा? – ठाणे

उ. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ तिकीट लागत नाही, हे खरं. पण त्या तासात ग्रुपला मनाई असते. साडेनऊला मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक प्रार्थना असते, त्यामुळे त्याच्या थोडं आधीच सगळ्यांना बाहेर काढायला सुरुवात होते. शांतता हवी असेल तर याच वेळी जावं. सणावाराला हा तास रद्द होतो, म्हणून आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ पाहा.

आमचं मत विचाराल तर आधी फुकटच्या तासात नुसतं फिरा, आणि दुसऱ्या वेळी गाइडबरोबर जा. कारण 856 खांबांच्या त्या रानात काय कधीचं हे पटकन कळत नाही. मशिदीचं काम 785 च्या सुमारास कोर्दोबाचा अमीर पहिला अब्द अल-रहमान याने सुरू केलं. खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मुस्लिमांआधीचे इथले राज्यकर्ते) इमारतींतले, उंचीला कमी. छत उंच करायचं म्हणून त्यांच्यावर दगडी खांब चढवून एकावर एक दोन कमानी घेतल्या. खालची घोड्याच्या नालेच्या आकाराची, वरची अर्धगोल. कमानींचे लाल-पांढरे पट्टे म्हणजे एकाआड एक वीट आणि दगड. मिहराबाकडे, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याकडे तोंड करून उभे राहिलात की डावीकडे दहाव्या शतकाच्या अखेरीस तेव्हाचा सत्ताधारी वजीर अल्मन्सूर याने वाढवलेला भाग लागतो. तिथे कमान नीट निरखा: वीट नाही, सगळा दगडच, त्यावर लाल रंग फासलाय! गाइडने हे दाखवलं नाही तर तुम्हीच विचारा. मधोमधचं कॅथेड्रल 1523 नंतरचं. त्याला शहराच्या कौन्सिलचा इतका विरोध होता की काम करणाऱ्यांना मृत्युदंडाची धमकी दिली गेली. शेवटी स्पेनचा राजा पाचव्या चार्ल्सने कॅथेड्रलच्या बाजूने निकाल दिला.

आत पुरुषांनी टोपी काढायची. नमाजाला परवानगी नाही. मोठ्या सॅक आणि ट्रॉली बॅगा आत नेऊ देत नाहीत, म्हणून सामान हॉटेलवर ठेवूनच निघा. घंटामनोऱ्याचं तिकीट वेगळं आणि ठरावीक वेळेचं असतं, लिफ्ट नाही.

प्र. आईचे गुडघे दुखतात, वय 68. झेपेल का? – कोल्हापूर

उ. ग्रॅनाडा आणि तोलेदोच्या मानाने कोर्दोबा बरंच सपाट आहे. चाल दोन-तीन किलोमीटरच असते, पण दोन-अडीच तास उभं राहावं लागतं आणि त्रास त्याचाच होतो. गल्ल्यांत नदीतले गोटे उभे रोवलेले असतात, पातळ तळव्याच्या चपलांत ते टोचतात. जाड तळव्याचे बूट घाला. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 40 च्या वर जातो, म्हणून सकाळची पहिली टूर घ्या. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घरांची फुलांनी सजवलेली अंगणं विनामूल्य पाहता येतात, फक्त दुपारी दोन ते सहा ती बंद असतात. मेस्कीताभोवती बायका रोझमेरीची काडी हातात देऊ करतात. घेतलीत की पैसे मागतात. हात खिशात ठेवून पुढे चला.

प्र. आम्ही शाकाहारी. टूरनंतर काय खावं? – पुणे

उ. साल्मोरेखो हे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं दाट गार सूप. पण वर डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडं घालून आणतात. 'सिन खामोन, सिन ऊएवो', म्हणजे मांस नको, अंडं नको, असं ऑर्डर देतानाच सांगा. तळलेली वांगी 'मिएल दे कान्या' घालून मिळतात. मिएल म्हटलं तरी तो मध नसून उसाचा पाक, चक्क आपली काकवीच. फ्लामेन्किन हा तळलेला रोल मात्र मांसाचा असतो. दुपारची स्वयंपाकघरं साधारण दीड ते चार उघडी, रात्रीची साडेआठनंतर. टूर साडेबाराला संपली तर तासभर कुठेतरी सावलीत काढा.