मंगोलियाविरुद्ध १३-० करून भारतीय महिला फुटबॉल संघाने जरा अतीच केलं, असं नाही वाटत?

तुमचा प्रश्न २०२५ च्या जूनमधल्या मॅचबद्दल आहे. आशियाई चषकाची पात्रता फेरी, थायलंडमधलं चियांग माई, भारत १३, मंगोलिया ०. सहा-सात गोल झाल्यावर भारताने हात आखडता घ्यायला हवा होता, समोरच्या मुलींची एवढी शोभा करायची काय गरज होती, असं तुमचं म्हणणं.

मला नाही तसं वाटत. त्या तेरातला एक गोल जरी कमी झाला असता तरी भारताचं गणित कुठे गेलं असतं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आधी स्पर्धेची रचना. २०२६ च्या महिला आशियाई चषकात १२ संघ. यजमान ऑस्ट्रेलिया आणि मागच्या स्पर्धेतले पहिले तीन, म्हणजे चीन, दक्षिण कोरिया, जपान, यांना थेट प्रवेश. उरल्या आठ जागा आणि त्यांच्यासाठी ३४ संघ. त्यांचे आठ गट पाडले आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे. दुसऱ्या क्रमांकाला काही नाही, 'सर्वोत्तम उपविजेता' वगैरे पळवाटही नाही. शिवाय घरी-दारी सामने नाहीत. सगळा गट एकाच गावात जमतो, प्रत्येकाशी एकदाच खेळायचं आणि बॅग भरायची. आपल्या गटात पाच संघ होते: भारत, थायलंड, मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक. सामने थायलंडच्याच घरी.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग सोडली तर बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या. तिथे चार-शून्य झालं की पुढारलेला संघ चेंडू इकडून तिकडे फिरवत वेळ काढतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही, कारण चार-शून्य काय अन् एक-शून्य काय, पुढची फेरी तीच. तुमच्या प्रश्नामागेही तोच हिशेब दिसतो. साखळीत, त्यातही एकच जागा असलेल्या साखळीत, तो चालत नाही. तिथे गुण सारखे झाले तर गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल, कामाला येतो.

आता आकडे बघा. भारताने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० ने हरवलं. एकूण २२ गोल केले, एकही खाल्ला नाही. थायलंडने याच तिघांविरुद्ध किती केले असतील? ११, ४ आणि ७. तेही २२, तेही एकही न खाता. ५ जुलैला दोन्ही संघ शेवटच्या मॅचसाठी मैदानात उतरले तेव्हा गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोलसुद्धा सारखे. मॅच बरोबरीत सुटली असती तर थेट टायब्रेकर, पाच-पाच पेनल्टी.

भारताने मंगोलियाविरुद्ध बारावर समाधान मानलं असतं तर टायब्रेकरही मिळाला नसता. बरोबरीत थायलंड पात्र आणि आपण घरी. सातवर थांबलो असतो तर विचारूच नका. आणि मंगोलियाची मॅच भारताची पहिलीच होती, २३ जूनची. त्या दिवशी थायलंड पुढे कुणाला किती मारणार हे कुणाला ठाऊक? आपल्या प्यारी खाखाने त्या मॅचमध्ये एकटीने पाच गोल केले. त्यातला कुठला गोल 'जास्तीचा' हे त्या संध्याकाळी कुणालाही सांगता आलं नसतं.

तुम्ही म्हणाल, शेवटी भारत थायलंडशी २-१ जिंकलाच, मग गोलफरक कामी आला कुठे? आला, आणि तोही मधल्या अर्ध्या तासात. संगीता बासफोरने पहिल्या हाफमध्ये लांबून सणसणीत फटका मारून १-० केलं. मध्यंतरानंतर दोनच मिनिटांत थायलंडच्या रोडथोंगने बरोबरी साधली. तिथून ७४ व्या मिनिटापर्यंत स्कोअर १-१ होता. भारत गोलफरकात मागे असता तर ही सत्तावीस मिनिटं कशी गेली असती? थायलंड बरोबरीवरच खूश, स्वतःच्या बॉक्ससमोर भिंत उभी करून बसलेला. भारताला डिफेंडर पुढे काढायला लागले असते आणि मागे मोकळं रान. त्याऐवजी गरज दोघांना सारखीच होती, त्यामुळे भारत आपली मांडणी सांभाळून खेळला. मग कॉर्नरवर संगीताचंच हेडर, २-१. उरलेला वेळ गोलकीपर पंथोई चानू आणि तिच्यापुढच्या चार डिफेंडरनी कसाबसा काढला. मी मोबाईलवर बघत होतो. शेवटची दहा मिनिटं कमेंट्रीचा आवाज बंदच केला, सहन होत नव्हतं.

क्रमवारीत तेव्हा थायलंड ४६ वा, भारत ७० वा. थायलंड २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक खेळलेला संघ, त्याला आपण याआधी कधीच हरवलेलं नव्हतं. पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात जाण्याचीही भारताची ही पहिलीच वेळ. २०२२ ला यजमान म्हणून जागा मिळाली होती. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०-० झालं, मग संघात कोरोना घुसला, चायनीज तैपेईविरुद्ध उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि संघ स्पर्धेतूनच बाद धरला गेला. इराणची ती बरोबरीही रद्द. त्या संघातल्या काही जणी चियांग माईलाही होत्या. त्यांना आपण 'जरा दमानं घ्या' म्हणायचं?

बरं, थांबणं म्हणजे सभ्यपणा हे तरी खरं का? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ताश्कंदला पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रतेची दुसरी फेरी झाली. गटात जपान, व्हिएतनाम, उझबेकिस्तान आणि आपण. जपानने पहिल्या दिवशी आपल्याला ७-० ने धुतलं. तीन दिवसांनी तोच जपान उझबेकिस्तानविरुद्ध पहिल्या पंधरा-सोळा मिनिटांत दोन गोल करून थांबला. पुढचा तास-सव्वा तास चेंडू आपापसांतच. आक्रमण नाही की काही नाही. कारण त्या फेरीत एक सर्वोत्तम उपविजेताही पुढे जाणार होता. उझबेकिस्तान त्या जागेवर बसला तर पुढच्या फेरीत जपानची गाठ ऑस्ट्रेलियाशी पडणार नव्हती. झालंही तसंच. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला उझबेकिस्तान आणि जपानच्या वाट्याला उत्तर कोरिया. त्या मॅचवर जगभर टीका झाली. मला विचाराल तर सात गोल खाताना आपला अपमान झाला नाही, आपल्याशी खरी मॅच खेळली गेली. उझबेकिस्तानच्या मुलींना मात्र तासभर नुसतं पळायला लावलं.

एक योगायोगही सांगतो. १३-० चा हाच वाद २०१९ च्या विश्वचषकात रंगला होता. अमेरिकेने रीम्समध्ये एका संघाला १३-० ने हरवलं, ॲलेक्स मॉर्गनने पाच गोल केले, आणि तो समोरचा संघ होता थायलंड! तेव्हाही लोकांनी विचारलं, एवढे गोल कशाला? माझं मत तेव्हाही हेच होतं की गोल करा, पण तेराव्या गोलनंतर पहिल्यासारखा नाच नको. पुढच्याच मॅचमध्ये थायलंड स्वीडनशी १-५ हरला. पण कांजना सुंग-न्गोएनने तो एक गोल केला तेव्हा बाकावर संघाच्या मॅनेजर नुअलफान लामसाम रडत होत्या. मोठ्या फरकाने हरणाऱ्यांना दया नको असते, असा एक गोल हवा असतो.

आपणही या बाजूने गेलोय. १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये चीनने भारताला १६-० ने हरवलं होतं. 

तुमच्या प्रश्नातला एक भाग मात्र मला पटतो. मंगोलिया आणि थायलंड एका गटात असणं हेच मुळात चुकीचं. तेरा आणि अकरा गोल खाऊन त्या मुलींच्या पदरात काय पडलं? तक्रार करायचीच तर आशियाई महासंघाकडे करा. पुरुषांच्या विश्वचषक पात्रतेत तळाचे संघ आधी आपसांत खेळतात, जिंकेल तोच मोठ्यांच्या गटात जातो. २०२३ मध्ये मंगोलियाच्या पुरुष संघाला त्या फेरीत अफगाणिस्तान मिळाला. हरले तेही, पण दोन्ही मॅचमध्ये ०-१ असे, म्हणजे शेवटच्या शिट्टीपर्यंत आशा होती. महिलांसाठी अशी प्राथमिक फेरीच ठेवली नव्हती, त्यामुळे त्यांच्यासमोर पहिल्याच दिवशी प्यारी खाखा उभी राहिली.