वाचकांचे प्रश्न : घरासाठी कोणता गेमिंग कन्सोल घ्यावा?

प्रश्न : आमच्या घरात सात वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा आहे. दोघांसाठी मिळून एकच गेमिंग कन्सोल घेण्याचा विचार आहे. सर्वांत शक्तिशाली यंत्र घेतले तर ते अनेक वर्षे पुरेल, असे मुलाचे म्हणणे आहे. ते कितपत बरोबर आहे?

उत्तर : यंत्राची ताकद हा निकष आपल्या घरासाठी बराच खालच्या क्रमांकावर येतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण आधी ठरवायचे ते हे की, घरात कोण कोणाबरोबर बसून खेळणार आहे. सात आणि तेरा या वयांत इतके अंतर आहे की, दोघांनाही एकाच वेळी रस वाटेल आणि लहानग्या मुलीला सतत हरावे लागणार नाही, असे गेम ज्या यंत्रावर अधिक, तेच यंत्र आपले. ताकदीचा विचार त्यानंतर.

सोनीचा प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स हे दोन्ही कन्सोल नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आले आणि त्यांच्या क्षमतेत सामान्य खेळणाऱ्याला जाणवेल असा फरक फारसा नाही. इतर कंपन्यांचे बहुतेक मोठे गेम दोन्हींवर मिळतात. एक्सबॉक्स सिरीज एस हा त्याच पिढीतला लहान आणि कमी क्षमतेचा भाऊ. फोरके, म्हणजे अधिक बारकाव्यांचे चित्र दाखवणारा, टीव्ही नसलेल्या घरात त्याची उणीव क्वचितच लक्षात येते. निन्टेंडोची वाट मात्र सुरुवातीपासून वेगळी आहे. २०१७ मध्ये आलेला स्विच टीव्हीलाही जोडता येतो आणि हातात धरूनही खेळता येतो, आणि जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये हीच कल्पना ७.९ इंचांच्या पडद्यासह आणि बऱ्याच अधिक क्षमतेने पुढे नेलेली आहे. मारिओ, झेल्डा आणि पोकेमॉन यांचे मुख्य गेम निन्टेंडोच्या यंत्रांवरच मिळतात, आणि नेमके हेच गेम भिन्न वयांच्या मुलांना एकत्र आणतात. ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’ या शर्यतीच्या गेममध्ये चौघांना एकाच टीव्हीवर खेळता येते, आणि गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी मदत केवळ एका खेळाडूपुरती चालू ठेवता येते. त्यामुळे धाकटी मुलगी खरोखर शर्यतीत राहते आणि थोरल्याला मुद्दाम हरण्याचे नाटक करावे लागत नाही.

याचा अर्थ इतर यंत्रांवर एकत्र खेळता येत नाही असा नाही. ‘इट टेक्स टू’ हा २०२१ चा गेम दोघांनीच खेळायचा असतो, एकट्याने तो खेळताच येत नाही, आणि तो तिन्ही कंपन्यांच्या यंत्रांवर मिळतो. मात्र तो तेरा वर्षांच्या मुलाने पालकाबरोबर खेळावा असा आहे, सात वर्षांच्या मुलीला तो जड जाईल. ‘माइनक्राफ्ट’ सर्वत्र मिळतो आणि एका पडद्यावर चौघांपर्यंत खेळता येतो. प्लेस्टेशनवर ‘सॅकबॉय : अ बिग ॲडव्हेंचर’ हाही चौघांचा आणि मुलांना रमवणारा गेम आहे.

मुलाने बहुधा न सांगितलेली एक गोष्ट त्याला अवश्य विचारा : त्याचे मित्र कोणत्या यंत्रावर आणि कोणता गेम खेळतात? ‘फोर्टनाइट’, ‘रॉकेट लीग’ आणि ‘माइनक्राफ्ट’ हे गेम वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरूनही एकमेकांशी ऑनलाइन खेळता येतात, तेव्हा मित्रांसारखेच यंत्र हवे हा आग्रह तेथे टिकत नाही. पण सर्व मित्र एखाद्या अशा गेमवर जमत असतील की जो एकाच यंत्रावर मिळतो, तर मुलाचा आग्रह पूर्णपणे रास्त आहे आणि त्याचे वजन निर्णयात पडलेच पाहिजे. तशी अडचण नसेल, तर आपल्या वर्णनावरून मी स्विच २ सुचवेन. जुन्या स्विचचे बहुसंख्य गेम त्यावर चालतात. स्विच लाइट मात्र या कामासाठी घेऊ नये, कारण तो टीव्हीला जोडता येत नाही. आणि प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घेतला तर दुसरा कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचे बटणांचे साधन, लागणार, हे खर्चाचा अंदाज करतानाच धरून चालावे.

प्रश्न : डिस्क ड्राइव्ह असलेला आणि नसलेला, असे एकाच कन्सोलचे दोन प्रकार दिसतात. ड्राइव्ह नसलेला स्वस्त आहे. मग तो का घेऊ नये?

उत्तर : यंत्र स्वस्त मिळते, परंतु पुढचा प्रत्येक गेम एकाच दुकानातून, म्हणजे त्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून, तेथे असेल त्या किमतीला घ्यावा लागतो. डिस्क मित्राकडून आणता येते, खेळून झाली की विकता येते, नातेवाइकांच्या मुलांना देता येते. डाउनलोड करून घेतलेला गेम आपल्या खात्याला बांधलेला असतो. तो विकता येत नाही. ज्या घरात वर्षाला तीन-चार गेम विकत घेतले जातात आणि संपल्यावर पडून राहतात, त्या घराने डिस्कचा पर्याय सोडू नये, असे मला मनापासून वाटते. मुलांनी आपापसांत गेमची देवघेव करणे ही या छंदातली फार चांगली बाजू आहे आणि ड्राइव्ह नसलेल्या यंत्राने ती पूर्णच बंद होते.

निवड करताना काही तपशील पाहावेत. २०२३ च्या अखेरीस आलेल्या सडपातळ प्लेस्टेशन ५ ला ड्राइव्ह नंतर वेगळा विकत घेऊन बसवता येतो. तो प्रथम जोडताना इंटरनेट लागते. त्याआधीच्या, २०२० च्या डिजिटल आवृत्तीला तो बसवता येत नाही, आणि एक्सबॉक्स सिरीज एसलाही येत नाही. घरात प्लेस्टेशन ४ च्या डिस्क साठलेल्या असतील, तर ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ वर त्यांतील जवळपास सर्व चालतात. ड्राइव्हविना त्या निरुपयोगी ठरतात.

डिस्क आहे म्हणून जागा वाचते, हा समज मात्र खरा नाही. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांवर गेम डिस्कवरून यंत्रातील साठवणीवर उतरवावाच लागतो, आणि खेळताना डिस्क आत ठेवावी लागते ती मालकीचा पुरावा म्हणून. मोठे गेम १०० जीबीच्या पुढे जातात, तर मूळ सिरीज एसची साठवण ५१२ जीबी आहे आणि त्यातील बराच भाग यंत्राच्या स्वतःच्या प्रणालीलाच लागतो. स्विच २ साठी साठवणीचे अतिरिक्त कार्ड घेताना ते मायक्रोएसडी एक्सप्रेस प्रकारचेच असावे लागते. जुन्या स्विचमधील साधे कार्ड त्यावर गेम साठवण्यास चालत नाही. स्विच २ चे गेम डिस्कऐवजी छोट्या कार्डावर येतात, पण काही डब्यांतील अशा कार्डात गेम नसून केवळ त्याची किल्ली असते, म्हणजे गेम डाउनलोडही करावा लागतो आणि खेळताना कार्डही लावावे लागते. डब्याच्या दर्शनी बाजूस तशी सूचना छापलेली असते. घरचे इंटरनेट संथ असेल, तर ती वाचल्याशिवाय डबा घेऊ नये.

प्रश्न : कन्सोल घेतल्यावर दरमहा वर्गणी भरावीच लागते का?

उत्तर : नाही. एकाच टीव्हीपुढे बसून खेळण्यासाठी किंवा एकट्याने कथा पूर्ण करण्यासाठी कोणत्याही यंत्रावर वर्गणी लागत नाही. विकत घेतलेल्या गेममध्ये इंटरनेटवरून इतरांशी खेळायचे असेल, तर मात्र तिन्ही कंपन्या सामान्यतः सदस्यत्व मागतात. ‘फोर्टनाइट’सारख्या मुळातच मोफत असलेल्या गेमना प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर ही अट नाही. पहिले काही महिने वर्गणीशिवाय काढावेत आणि मुले नेमके काय खेळतात ते पाहून मग ठरवावे.

प्रगतीची नोंद सुरक्षित ठेवण्याच्या बाबतीत कंपन्यांत फरक आहे आणि तो खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. एक्सबॉक्सवर ही नोंद ऑनलाइन आपोआप आणि विनावर्गणी जपली जाते. प्लेस्टेशन ५ वर आणि स्विचवर ती सोय सदस्यांनाच मिळते. यंत्र बिघडले आणि मुलाचे वर्षभराचे खेळणे पुसले गेले, तर त्याला होणारे दुःख खरे असते. तेवढ्या एका कारणासाठी वर्गणी भरणाऱ्या पालकांना मी चूक म्हणणार नाही. गेम पाससारख्या, दरमहा अनेक गेम खुले करणाऱ्या योजना जो सतत नवे काही शोधतो त्याला लाभदायक ठरतात. तथापि त्या यादीतून गेम काढलेही जातात, त्यामुळे जो एकच गेम वर्षभर खेळणार आहे त्याने तो विकत घेणेच योग्य.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. कन्सोल आणला तर तो तासन्‌तास खेळत राहील, अनोळखी लोकांशी बोलेल आणि नकळत पैसे खर्च करील, अशी मला भीती वाटते. ही भीती अनाठायी आहे का?

उत्तर : आपली भीती मुळीच अनाठायी नाही, आणि तिन्ही धोक्यांवर उपाय आहेत, फक्त ते यंत्र मुलाच्या हाती देण्यापूर्वी योजावे लागतात, कारण एकदा मिळालेली मोकळीक काढून घेताना भांडण अटळ असते. यंत्र सुरू करताना मुलासाठी त्याच्या खऱ्या जन्मतारखेसह स्वतंत्र बालखाते उघडावे आणि ते आपल्या खात्याखाली कुटुंबगटात जोडावे. अनेक घरांत सोयीसाठी मूल पालकाच्याच खात्यावर खेळते आणि तेथेच सर्व नियंत्रणे निष्प्रभ होतात.

वेळेची मर्यादा तिन्ही यंत्रांवर घालता येते. निन्टेंडोचे पालकांसाठीचे मोबाइल ॲप यांत सर्वांत सोपे आहे : दिवसाची मर्यादा ठरते आणि मूल कोणता गेम किती वेळ खेळले तेही दिसते. मर्यादा संपताच खेळ आपोआप थांबवायचा की केवळ सूचना द्यायची, हे आपण ठरवू शकतो, आणि दहा वर्षांच्या मुलासाठी मी सुरुवातीस केवळ सूचनाच निवडेन. अर्ध्यावर तुटलेला सामना मुलाला अन्यायाचा वाटतो, आणि ऑनलाइन खेळात तर त्याच्या सहकाऱ्यांचेही नुकसान होते. ‘हा सामना संपला की बंद’ असा करार घड्याळाच्या मिनिटापेक्षा अधिक पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद केली आहे, परंतु त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा होणे आणि हानी दिसत असूनही खेळत राहणे, हे सामान्यतः निदान बारा महिने आढळावे लागते. सुट्टीत एखादा दिवस जास्त खेळलेले मूल आजारी नसते.

पैशांच्या बाबतीत मात्र मी कठोर राहण्यास सांगेन. बालखात्यातील खर्चाची मर्यादा शून्य ठेवावी, आणि पालकाच्या खात्यावर कार्ड साठवले असेल तर प्रत्येक खरेदीस पासवर्ड लागेल अशी योजना करावी. मोफत गेमचे उत्पन्न मुख्यतः आतल्या विक्रीतून येते, आणि काही गेम आत काय निघेल हे न सांगता बंद पेटी विकतात. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली बेकायदा ठरवले. युरोपातील पेगी ही वर्गीकरण संस्था २०२० पासून अशा गेमवर आतील खरेदीत नशिबावर मिळणाऱ्या वस्तू असल्याची वेगळी सूचना छापते. डब्यावरील ३, ७, १२, १६, १८ हे तिचे आकडे आशय कोणत्या वयाला योग्य ते सांगतात. ते गेम किती अवघड आहे ते सांगत नाहीत, आणि ऑनलाइन भेटणारे अनोळखी लोक काय बोलतील याची हमी तर मुळीच देत नाहीत. म्हणून बोलण्याची व संदेशांची सोय केवळ मान्य केलेल्या मित्रांपुरती खुली ठेवावी आणि कन्सोल मुलाच्या खोलीत न ठेवता घरातील सर्वांच्या वावराच्या खोलीत ठेवावा.

प्रश्न : आमचा टीव्ही बराच जुना आहे. कन्सोलसाठी नवा घ्यावा लागेल का?

उत्तर : टीव्हीला एचडीएमआय जोडणी असेल तर नाही, फुल एचडी टीव्हीवर हे सर्व कन्सोल व्यवस्थित चालतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असल्यास तो चालू करावा, म्हणजे बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांतील विलंब कमी होतो. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स बंद कपाटात कोंबू नयेत, त्यांना हवा लागते.

प्रश्न : माझ्या आईच्या एका हाताची बोटे नीट हलत नाहीत, पण नातवंडांबरोबर खेळण्याची तिला फार इच्छा आहे. तिला शक्य होईल असे काही आहे का?

उत्तर : निश्चित आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स ॲडाप्टिव्ह कंट्रोलर आणला; त्याची बटणे मोठी असून त्याला आपल्या सोयीची बटणे, पायाने दाबायच्या पट्ट्या आणि जॉयस्टिक जोडता येतात. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ साठी आला. पण हे घेण्यापूर्वी एक विनाखर्चाचा उपाय करून पाहावा. एक्सबॉक्सवर आणि प्लेस्टेशन ५ वर दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवू शकतात. आजीने तिच्या चांगल्या हाताने दिशा सांभाळायची आणि नातीने दुसऱ्या कंट्रोलरवरून उड्या मारायच्या, असे होऊ शकते. ही सोय दोन्ही यंत्रांच्या ॲक्सेसिबिलिटीविषयक सेटिंगमध्ये सापडेल. बटणांची कामे बदलून सर्व आवश्यक बटणे एकाच बाजूस आणणेही शक्य आहे. वेगापेक्षा विचार लागणारे, पाळीपाळीने खेळायचे गेम आधी निवडावेत.

प्रश्न : वापरलेला कन्सोल घ्यावा का?

उत्तर : घेण्यास हरकत नाही, पण चालू करून पाहिल्याशिवाय घेऊ नये. कंट्रोलरच्या काड्यांना हात न लावता पडद्यावरचे पात्र आपोआप सरकत असेल, तर त्या काड्यांचे भाग झिजलेले आहेत आणि कंट्रोलर दुरुस्त करावा किंवा बदलावा लागेल. ड्राइव्हमध्ये डिस्क घालून ती वाचली जाते का ते पाहावे, पंख्याचा आवाज ऐकावा आणि यंत्र इंटरनेटला जोडून कंपनीचे ऑनलाइन दुकान उघडते का तेही तपासावे, कारण नियमभंगामुळे ऑनलाइन सेवांतून वगळलेली यंत्रे विकायला येतात आणि बाहेरून ती अगदी निर्दोष दिसतात. विक्रेत्याने आपले खाते काढून यंत्र आपल्यासमोर मूळ स्थितीवर आणले, की मगच पैसे द्यावेत.